हात परत आला की

बालमणी चिट्याल, वय अठ्ठावन्न, विडी घरकुल.
पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं, पहाटे साडेतीनला.
बॅरलपाशी पाय घसरला, उजवं मनगट गेलं.

छातीचा फोटो मी उजेडाकडे धरला.
चाळीस वर्षांचा जर्दा दोन्ही फुप्फुसांत
बारीक चाळून ठेवलेला.
हिला झोपवायचं नाही, मी सरांना म्हटलं,
झोपेल, पण उठताना भांडेल.
नुसता हात झोपवू.

"नुसता हात?" ती हसली.
"हा कधी झोपलाय, बाई?
मी झोपायची, हा अंथरुणात दोरा गुंडाळायचा.
मालक ओरडायचे, चादर ओढू नको म्हणून."

काखेत गार जेल. बाहेर त्रेचाळीस अंश.
बरं वाटलं असावं, तिनं डोळे मिटले.
पडद्यावर राखाडी माती,
मधोमध धमनी, उड्या मारणारं काळं वर्तुळ,
तिला धरून तीन नसा.
चौथी लांब, स्नायूंच्या बेचक्यात,
पंगतीला बोलावलं तरी उंबऱ्यातच बसणाऱ्या पाहुणीसारखी.
तिला वेगळं वाढावं लागतं.

मान वळवून तिनं पाहिलं.
"हे काय? कट्टा?"
माझा हात थांबला.
पंचवीस विड्या दोऱ्यानं बांधून
तोंडाकडून बघितल्या तर अशाच दिसतात,
ठिपक्याला ठिपका चिकटलेला.
पुस्तकात मधाचं पोळं म्हटलंय.
लिहिणारा अशोक चौकातून कधी गेला नसणार.

सुई आली, पांढरी रेघ.
नसेला टोचायचं नाही, हा पहिला धडा.
कडेकडेनं औषध सोडायचं,
काळं पाणी पसरत जातं
आणि नस त्यात उभी राहते,
तळ्यात सिद्धरामेश्वर उभा आहे तशी.

वीस मिनिटं.
बर्फ लावून विचारलं, गार?
"ओलं लागतंय. गार नाही."
मग ओलंही नाही.
मग डाव्या हातानं तिनं उजवा उचलला,
शेजारणीचं बाळ घ्यावं तसा, जरा तोलून,
"हा कुणाचा?"

एक प्लेट, सहा स्क्रू.
हिरव्या पडद्यापलीकडे ड्रिल,
अलीकडे ती, जागी, आपल्याच हाडाचा आवाज ऐकत
मला चेकरच्या गोष्टी सांगत होती :
हजारातल्या पन्नास छाट, सणाच्या तोंडावर ऐंशी,
पान आपलं, दोरा आपला, मजुरी शून्य,
आणि छाटलेली विडी कुठं जाते ते विचारायचं नाही.

मध्येच गप्प झाली.
दुखलं की काय? मी वाकले.
"नोप्पी लेदु," ती स्वतःशीच.
मग माझ्यासाठी, मराठीत,
"दुखत नाही."
मोडलेलं नाही ते माहीत आहे, मी म्हटलं.
"ते नव्हे. अंगठ्याच्या मुळाशी एक होतं,
धाकटा पोटात होता तेव्हापासूनचं.
मला वाटायचं, हात म्हणजे असाच असतो."

चार्टवर मी वेळ लिहिली, नाडी लिहिली,
औषध किती, कुठल्या बाजूला.
त्या दुसऱ्या दुखण्याला रकाना नव्हता.

सुनेला संध्याकाळी समजावलं :
हात झोळीतच ठेवा,
चहाचा कप जवळ नको, भाजलं तरी कळणार नाही त्यांना.
मुंग्या आल्या की गोळी, दुखायची वाट बघू नका.
आणि हात परत आला की फोन करा.

रात्री पावणेबाराला फोन. सुनेचा नाही, तिचाच.
"आला," म्हणाली.
मागे पंखा खडखडत होता,
कुणीतरी कात्रीनं पानं कापत होतं, कच्, कच्,
उद्याचा हजार कुणाच्या तरी मांडीवर पुरा व्हायचा होता.

गोळी घेतली?
"घेतली की.
मोडलेलं आधी आलं.
जुनं अजून वाटेत आहे, बाई."
थोडा वेळ नुसती कात्री.
"चालत येऊ दे. घाई नाही."